ड्रॅगनचं अंडं केवढं असावं?

रविवारी सकाळी पोह्यांवर जिरावण भुरभुरताना भाच्याने चित्रकलेची वही पुढे केली. ड्रॅगनवंशी योद्धा: अंगभर खवले, एका हातात तलवार, दुसऱ्यात जादूची काठी. शेजारी तो ज्यातून जन्मला ते अंडं, योद्ध्याच्या कमरेपर्यंत येणारं. "एवढा मोठा प्राणी म्हणजे अंडंही एवढं असणारच ना, मामा?"

मोठ्या माणसांनाही असंच वाटतं. आपल्या इंदूरपासून काही तासांवर, धार जिल्ह्यातल्या बाग-कुक्षी पट्ट्यात टायटॅनोसॉर डायनासोरांची 92 घरटी आणि 256 अंडी मिळाल्याचं 2023 मध्ये जाहीर झालं. आई बसपेक्षा लांब, आणि अंड्याचा व्यास 15 ते 17 सेंटीमीटर. एक वीतही नाही!

कारण अंडं श्वास घेतं. कोंबडीचं अंडं गरम पाण्यात सोडा आणि नीट बघा, कवचावर बारीक बुडबुडे जमतात. कवचाला हजारो छिद्रं असतात, त्यातून आतली हवा बाहेर पडते. 21 दिवसांत पिल्लू याच छिद्रांतून सुमारे 6 लिटर ऑक्सिजन आत घेतं. तिथे फुप्फुस नाही की पंप नाही. वायू आपणहून पसरत आत जातो, आणि वाट जितकी लांब तितका कमी पोहोचतो.

आता साडेपाच सेंटीमीटरचं अंडं सगळ्या बाजूंनी 20 पट वाढवू, म्हणजे 110 सेंटीमीटर. पृष्ठभाग 400 पट झाला, आतला ऐवज मात्र 8000 पट: 60 ग्रॅमचे 480 किलो. एवढं वजन पेलायचं तर कवच किमान 20 पट जाड हवं. छिद्रंही तेवढीच लांब झाली, म्हणून दर चौरस सेंटीमीटरमागे येणारा ऑक्सिजन 20 पट घटला. 400 भागिले 20, म्हणजे एकूण पुरवठा फक्त 20 पट आणि खाणारा जीव 8000 पट. प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला चारशेवा हिस्सा. मोठ्या जिवाची ग्रॅममागची भूक थोडी कमी असते हे धरलं तरी पिल्लू गुदमरणार. छिद्रं वाढवावीत तर कवच कच्चं राहतं आणि आतलं पाणी उडून जातं. शिवाय एवढं जाड कवच पिल्लाने आतून फोडायचं कसं? मादागास्करच्या नामशेष हत्ती-पक्ष्याचं अंडं पक्ष्यांच्या ज्ञात अंड्यांत सर्वांत मोठं, तेही 30 सेंटीमीटरच्या आसपासच.

याच पट्ट्यातल्या पाडल्या गावात शेतात सापडलेले गोल दगड काकड भैरव म्हणून पुजले जात होते. तीही डायनासोरची अंडी निघाली. शेताची राखण करणारा देव म्हणून लोकांनी ती जपली, याबद्दल मला त्यांचं कौतुकच आहे. पण अशा दगडाला चमत्कारी म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. तो कॅल्शियमच्या कवचाचा जीवाश्म आहे, आणि एवढं असणं पुरेसं विलक्षण आहे.

भाच्याने खोडरबर घेतलं आणि वीतभर अंड्यांची रांग काढली. मग त्याला सांगितलं, धारची घरटी इतकी खेटून आहेत की आईला मध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. पिल्लांना बहुधा कोणी सांभाळलंच नसावं.

"मग यांना मंत्र कोण शिकवणार?" म्हणत त्याने दोनच अंडी ठेवली, बाकीची पुसली, आणि शेजारी आई काढायला घेतली.