‘वॉटरप्रूफ’ लाइट आणि पाण्याखालचा लाइट

“वॉटरप्रूफ आहे, बिनधास्त टाका,” असं दुकानदार म्हणाला आणि मी एलईडीची पट्टी माशांच्या दोन फुटी टाकीच्या आतच, मागच्या काचेला चिकटवली. पंधरा-वीस दिवसांत पट्टीच्या कापलेल्या टोकाशी तांब्याच्या ठिपक्यांवर हिरवट थर चढला आणि दिवे तीन-तीनच्या गटाने विझायला लागले. मासे तगले. गोगलगायी मात्र एकेक करून गेल्या; पाण्यात उतरलेलं तांबं त्यांना आणि कोळंबीला फार थोड्या प्रमाणातही सोसत नाही. खोक्यावर ‘आयपी ६५’ असं ठळक छापलेलं होतं, पण ते वाचतो कोण!

आयपी म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरण्यापासून वस्तू किती सुरक्षित आहे, ते सांगणारा दर्जा. त्यापुढचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दिव्यांवर बहुधा ‘६५’ किंवा ‘६८’ असतं; दोन्हींत पहिला ६ म्हणजे धूळ आत शिरत नाही, हे सारखंच. फरक आहे तो ५ आणि ८ मध्ये. ५ ची परीक्षा फवाऱ्याची असते: ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाणी सगळ्या बाजूंनी, किमान ३ मिनिटं मारतात. बाल्कनीतली माळ पावसात टिकावी म्हणून हे ठीक. पण त्यात दिवा पाण्यात बुडवून बघतच नाहीत. ८ म्हणजे सतत बुडलेला. किती खोल, ते बनवणाऱ्याने सांगायचं असतं. म्हणून नुसतं ‘६८’ छापलेलं खोकं अर्धीच माहिती देतं. सोबत मीटरमध्ये खोली लिहिली आहे का ते बघा. मधला ७ सर्वात फसवा. त्यात वस्तू १ मीटर पाण्यात जेमतेम ३० मिनिटं ठेवतात.

शिवाय ८ मिळाला म्हणजे ५ आपोआप मिळाला, असंही नाही. ६ पर्यंत वरचा आकडा खालच्यांना पोटात घेतो. बुडवण्याची परीक्षा मात्र वेगळी. दोन्ही पास झालेल्या वस्तूवर ‘आयपी ६६/६८’ असे दोन्ही आकडे छापतात.

मग घ्यायचा कुठला? दिवा कुठे बसणार ते आधी ठरवा. टाकीवर काचेचं झाकण आणि त्यावर दिवा असेल, तर ६५ पुष्कळ झाला. एअर पंपाचे बुडबुडे फुटून उडणारे तुषार आणि झाकणाखाली जमणारी वाफ, एवढंच त्याला सोसायचं असतं. दिवा पाण्याला टेकणार असेल, पाणी बदलताना घसरून पडू शकत असेल, तर ६८ च. आणि पट्टी कापून वापरायची असेल तर टाकीच्या आतला विचारच सोडा. १२ व्होल्टची पट्टी साधारण दर तीन एलईडींवर कापता येते, पण कात्री लागली की खोक्यावरचा आकडा त्या टोकापुरता संपला. टोपी लावून सिलिकॉन भरलं तर झाकणावर चालेल, पाण्यात नाही. दिवा रोज तापतो आणि रोज निवतो; निवताना आतली हवा आकसते आणि बारीकशा फटीतूनही ओल ओढून घेते.

आता माझं मत. ६५ आणि ६८ च्या वादापेक्षा व्होल्ट महत्त्वाचे. पाण्यात बुडवायच्या काही ट्यूब थेट २३० व्होल्टच्या पिनेसह येतात. खोक्यावर ६८ असेलही, पण त्यांच्या टोपीला चीर गेली तर टाकीतल्या पाण्यात घरची वीज उतरते आणि खाणं घालणारी बोटं त्यातच असतात. त्यापेक्षा १२ व्होल्टवर चालणारा साधा ६५ झाकणाच्या वर बसवलेला मला कधीही चालेल. मात्र अ‍ॅडॉप्टर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी असलेला हवा. दिवा ६८ असला तरी अ‍ॅडॉप्टरला ते लागू नसतं. तो बहुधा कोरड्या जागेसाठीच असतो. टाकीच्या काठावर ठेवलेला अ‍ॅडॉप्टर मी एका ओळखीच्यांकडे पाहिला, तेव्हा चहा तसाच ठेवून तो आधी उचलला.

वायर बोर्डाकडे जाण्याआधी बोर्डाच्या खालपर्यंत झोळीसारखी लोंबू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल, प्लगमध्ये जाणार नाही. घरात एमसीबी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तो वायरिंग वाचवतो. माणसाला शॉकपासून वाचवायला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारी कळ, लागते. तिच्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा, खटकन पडली पाहिजे.

आणि टाकीत हात घालायच्या आधी नुसतं बटण बंद करून भागत नाही. हीटर, पंप, दिवा, सगळ्यांच्या पिना काढायच्या.