डोळे लाल झाले म्हणून जग लाल दिसत नाही

काविळीच्या माणसाला सगळं पिवळं दिसतं, हे आपण इतकं ऐकलंय की डोळे आले की लालसर दिसत असणार, असंही अनेक जण धरून चालतात. तसं नसतं. तेव्हा रंग बदलतो तो डोळ्याच्या पांढऱ्या भागाचा. आपण पाहतो ते बुबुळावरच्या पारदर्शक पटलातून, आणि निरोगी पटलात रक्तवाहिन्याच नसतात.

खरोखर लाल दिसणं म्हणजे एरिथ्रॉप्सिया. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर किंवा बर्फावरच्या प्रखर उन्हात फार वेळ राहिल्यावर पांढरी भिंतही गुलाबी भासू शकते. हे बहुधा आपोआप ओसरतं. डोळ्याच्या आत रक्तस्राव झाला असेल तर मात्र प्रकरण गंभीर. नजरेसमोर लालसर धुकं येतं, काळे ठिपके तरंगतात, एकाएकी अंधुक दिसू लागतं. मधुमेहींना हा धोका जास्त. बरेचदा दुखत काहीच नाही, म्हणून लोक ‘बघू उद्या’ म्हणतात. कृपया थांबू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा.

पिवळं दिसण्याचं एक खरं कारण औषधात सापडतं. हृदयविकारावरचं डिजॉक्सिन शरीरात जास्त झालं की असं होऊ शकतं. ते ज्या वनस्पतीपासून मिळतं, तिच्याच जातभाईचा, म्हणजे फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीचा, हा परिणाम इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्येच नोंदवला होता.