'लाइफटाइम' ऑइलचा वाद आणि घरी बांधलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स : पार्श्वभूमी

टर्बो पेट्रोल इंजिनाला रिमॅप करून (म्हणजे त्याच्या संगणकातील सॉफ्टवेअर बदलून) जादा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचे बळ, काढणे नाशिकमध्ये आता नवलाईचे राहिलेले नाही. खरी अडचण येते ती हा टॉर्क ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून चाकांपर्यंत पोहोचवताना. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत कोणताही सुटा भाग अचूक मापात कातून मिळतो, पण गिअरबॉक्सचे ऑइल आयुष्यभर टिकते की बदलावे लागते, हा वाद मिटवायला त्या कौशल्याचा उपयोग होत नाही, आणि हौशी माणसाच्या हातून होणारे पहिले काम बहुधा ऑइल बदलण्याचेच असते.

इंजिनाची शक्ती ऑइलच्या प्रवाहातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचे मूळ 1905 च्या एका जर्मन पेटंटमध्ये आहे आणि ते जहाजांसाठी होते. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर विकला गेला तो 1940 च्या अमेरिकन मॉडेलपासून. पुढे तिथल्या हौशी मंडळींनी शिफ्ट किट, म्हणजे गिअर बदलण्याची रीत बदलणारा सुट्या भागांचा संच, रूढ केले. प्रवाशाला धक्का जाणवू नये म्हणून कारखाना एक क्लच सुटताना दुसरा हळूहळू धरू देतो; या घसरणीतून उष्णता निर्माण होते. किटमधील स्प्रिंगा आणि वाढवलेली छिद्रे ही घसरण कमी करत. ड्रिल, गॅस्केट आणि स्वच्छ टेबल एवढ्यावर हे काम घरी होत असे.

2001 मध्ये आलेल्या जर्मन सहा-गतीच्या आणि 2009 मधील आठ-गतीच्या गिअरबॉक्सने हा मार्ग जवळजवळ बंद केला, कारण नियंत्रक संगणक व्हॉल्व्ह बॉडीलाच (ऑइलचा दाब क्लचकडे वळवणाऱ्या भागालाच) जोडून ऑइलमध्ये बुडवण्यात आला आणि दाब सॉफ्टवेअरच्या हाती गेला. आठ-गतीच्या रचनेत चार प्लॅनेटरी संच (मधल्या चाकाभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकांचे संच) आणि पाच क्लच-ब्रेक असतात. कोणत्याही गिअरमध्ये त्यांपैकी दोनच उघडे राहतात, त्यामुळे उघड्या क्लचच्या घर्षणात वाया जाणारी शक्ती कमी होते. दाब वाढवणारे ट्यून, म्हणजे बदललेले सॉफ्टवेअर, मिळते, परंतु क्लचचे क्षेत्रफळ त्याने वाढत नाही, ही गोष्ट विक्रेत्यांच्या तोंडून क्वचितच ऐकू येते. (आपल्याकडे 2014 पासून छोट्या गाड्यांत आलेल्या, मॅन्युअल गिअरबॉक्सचेच गिअर यंत्राने बदलणाऱ्या एएमटीलाही 'ऑटोमॅटिक'च म्हणतात. तिच्यात कन्व्हर्टरच नसतो, त्यामुळे यातले काहीही तिला लागू होत नाही.)

याच काळात 'लाइफटाइम' हा शब्द रूढ झाला. पूर्वी ठरावीक अंतराने बदलले जाणारे ऑइल कार कंपन्यांनी वेळापत्रकातून काढले आणि ते गाडीच्या आयुष्यभर टिकते असे सांगितले. मात्र तोच गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीने 80,000 ते 120,000 किलोमीटरला किंवा फार तर आठ वर्षांनी ऑइल बदलावे असे सुचवले. एकाच वस्तूविषयी दोन उत्पादकांची ही दोन मते विसंगत वाटतात, पण 'आयुष्य' कोणाचे हा प्रश्न विचारला की कोडे सुटते. पहिल्या मालकाच्या वापरापुरते आयुष्य धरले तर कार कंपनीचे म्हणणे बरोबर ठरते. जुन्या बाजारातून 90,000 किलोमीटर झालेली जर्मन सेडान घेऊन तिचा टॉर्क वाढवणाऱ्याला त्या शब्दाचा काहीही आधार नाही. कसारा घाट भारासह चढताना, कन्व्हर्टर लॉक झालेला (म्हणजे त्याच्या दोन बाजू थेट जोडल्या गेलेल्या) नसेल तर, बरीच शक्ती ऑइल तापवण्यात खर्ची पडते. तापलेले ऑइल ऑक्सिडेशनने खराब होते, क्लचची घर्षणपकड बदलते, आणि ट्यूनने वाढवलेला दाब ही झीज काही काळ झाकून ठेवतो. म्हणून ऑइल थंड ठेवणारा कूलर आधी, ऑइल त्यानंतर आणि ट्यून शेवटी हा क्रम प्रस्तुत लेखकाला योग्य वाटतो, जरी प्रत्यक्षात बहुतेक जण उलटा क्रम धरतात.

2019 मध्ये न्यायालयीन निकाल आणि मोटार वाहन कायद्यातील दुरुस्ती यांनी वाहनबदलांचे नियम कडक केले. बेकायदा बदलामागे 5,000 रुपये दंडाची तरतूद असून तुरुंगवासही होऊ शकतो. त्यामुळे उघड दिसणाऱ्या बदलांपेक्षा गिअरबॉक्सच्या आतील कामाकडे ओढा वाढला असल्यास नवल नाही, परंतु आत आहे म्हणून ते आपोआप कायदेशीर ठरत नाही.

आठ-गतीच्या गिअरबॉक्समध्ये फिल्टर प्लास्टिकच्या ऑइल पॅनमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे पूर्ण पॅन बदलावा लागतो. ऑइलची पातळी गाडी समतल ठेवून, इंजिन चालू असताना आणि ऑइल 30 ते 50 अंश सेल्सियसच्या दरम्यान असतानाच तपासायची असते. यापेक्षा गरम ऑइल फुगून आधीच बाहेर येते आणि गिअरबॉक्स अर्धवट भरलेला राहतो. नाशिकचा पारा मे महिन्यात चाळिशीला टेकतो, तेव्हा दुपारी काम काढले तर ही मर्यादा काही मिनिटांतच ओलांडली जाते. त्यामुळे हे काम पहाटे, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर उरकावे लागते.