कार्बोरेटर पाठवताय? मग कृपया खोलू नका

जुन्या गाडीचा कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, आमच्याकडे दुरुस्तीला बरेचदा पिशवीतून येतो. बॉडी लख्ख, जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे पितळी तुकडे), स्क्रू, स्प्रिंगा सगळं एकत्र आणि सोबत चिठ्ठी: "साफ केलाय, फक्त जोडायचाय." हेतू चांगलाच असतो. पण असे सुटे तुकडे जोडायला न खोललेल्या कार्बोरेटरच्या दुप्पट वेळ जातो.

पहिली अडचण ओळखीची. एसयू या ब्रिटिश कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) झाकणाच्या स्क्रूखाली पत्र्याची लहानशी पट्टी असते, तिच्यावर नंबर असतो. तोंडाचं माप आम्हीही घेऊ शकतो: एचएस २ सव्वा इंची, एचएस ४ दीड, एचएस ६ पावणेदोन. पण दीड इंची बॉडीत पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी सुई कोणती होती, हे त्या नंबरावरून कळतं. झाकण उघडलं की पट्टी सुटते आणि मळक्या फडक्याबरोबर केरात जाते. वेबर या इटालियन कंपनीच्या कार्बोरेटरचा नंबर सहसा फ्लँजवर, म्हणजे बोल्टने आवळायच्या सपाट कडेवर, ठोकलेला असतो, तो हरवत नाही. '३२/३६ डीजीव्ही' मधले आकडे म्हणजे दोन थ्रॉटलची (हवेची वाट उघडणाऱ्या झडपांची) मिलिमीटरमधली मापं.

मॅनिफोल्डवर (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळकांड्यावर) उठून दिसणारा नंबर ओतकामाचा असतो. एकाच साच्यातले तुकडे पुढे वेगवेगळ्या भोकांचे, स्टडचे होतात. म्हणून नुसता नंबर कळवू नका, मोजपट्टी ठेवून पोर्टचा, म्हणजे तोंडाच्या भोकाचा, फोटो पाठवा.

आता खरी डोकेदुखी: जेटमध्ये तार घालणं. वेबरच्या जेटवर १४० लिहिलं असेल तर भोक १.४० मिलिमीटर. पितळ मऊ, तार पोलादी, त्यामुळे भोक मोठं होतं. मध्यंतरी एका १४०च्या जेटमधून आमची दीड मिलिमीटरची पिन सहज आरपार गेली. त्याआधी दोन दिवस आम्ही फ्लोट, त्याची निडल, पॅकिंग तपासत बसलो होतो, कारण प्लग काळे पडत होते, म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं, आणि जेटवर आकडा बरोबर होता! भोक बुजलंच असेल तर क्लीनरमध्ये भिजवा, उलट बाजूने हवा मारा. कॉस्टिक सोडा मात्र नकोच, तो ॲल्युमिनियम आणि जस्त दोन्ही खातो.

"इतके दिवस का लागतात?" हा नेहमीचा प्रश्न. नवं किट कुणीही बसवेल. पण थ्रॉटलचा स्पिंडल (दांडा) बॉडीत खुळखुळत असेल तर तिथून हवा शिरते आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही. आम्ही बॉडीतलं भोक मोठं करून बुश (नवी बारीक नळी) घालतो. जास्त आवळून वाकलेली फ्लँज सपाट करतो, मॅनिफोल्डचे गेलेले आटे नव्याने भरतो. काचेचे मणी मारून चकाकी आणत नाही, कारण एखादा मणी आतल्या वाटेत अडकला की सगळं पुन्हा खोलावं लागतं. कुणाला आमचं काम जरा मळकट वाटतं, वाटू दे. इंजिनला स्वच्छता आत हवी असते.

पाठवताना पेट्रोल पूर्ण काढा, तोंडं कापडाने बंद करा. लिंकेज, चोकची तार, स्टड सगळं सोबत द्या. इंजिन किती सीसीचं तेही लिहा. फाटलेलं पॅकिंगसुद्धा फेकू नका, त्यावरूनच नवं कापतो.