जुना परफ्यूम मुरत नाही

पुरुषांचा जुना परफ्यूम लोणच्यासारखा मुरत जातो आणि म्हणूनच नव्यापेक्षा सरस ठरतो, हा संग्राहकांमध्ये वर्षानुवर्षे चालत आलेला समज चुकीचा आहे. एदमाँ रुदनित्स्का यांनी घडवलेला, १९६६ साली आलेला दिऑरचा 'ओ सोव्हाज' पाहा. त्याचा जीव लिंबू आणि बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचे एक फळ) यांच्या पहिल्या झुळकेत आहे, आणि हवा, उजेड व उष्णता लागली की नेमकी हीच तेले सर्वांत आधी बिघडतात. त्यामुळे जुन्या बाटलीचा पहिला थेंब अनेकदा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा नाकाला झोंबतो. तेवढ्यावरून बाटली बाद करू नये. कागदाच्या पट्टीवर थेंब लावून तासभर थांबल्यास वाळा आणि ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारे दगडफूल) यांचा ओलसर, मातकट गंध बहुधा शाबूत सापडतो, आणि खरी परीक्षा तिथेच होते. जुन्या बाटलीत जे अधिक भरीव वाटते, त्याचे श्रेय बहुतेक वेळा वयाला नव्हे, तर मूळ घडणीला जाते: ॲलर्जीच्या कारणावरून ओकमॉसच्या वापरावर पुढे मर्यादा आल्या आणि युरोपीय संघाने त्यातील ॲट्रॅनॉल व क्लोरोॲट्रॅनॉल या घटकांवर बंदीच घातली. रंग गडद होणे हाही बिघाडाचा पुरावा नव्हे. व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा घटक) असलेले परफ्यूम काळाबरोबर तपकिरी होतातच.