पेप : पायथन भाषेच्या प्रमाणीकरणातील लोकसहभाग

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मोठा बदल करण्यापूर्वी तो लेखी मांडून, उघड चर्चेला ठेवून मग स्वीकारण्याची किंवा फेटाळण्याची पद्धत. अशा मसुद्याचे पूर्ण नाव ‘पायथन एन्हान्समेंट प्रपोजल’. बोलण्यात नुसते ‘पेप’. सी किंवा सी प्लस प्लस या भाषांची मानके आंतरराष्ट्रीय मानक संघटना (आयसो) प्रसिद्ध करते आणि त्यांवर देशोदेशींच्या मानक संस्था मत देतात. आयसोमध्ये भारताची बाजू भारतीय मानक ब्युरो सांभाळतो. पायथनला आयसोचे असे मानक नाही. भाषेची अधिकृत संदर्भपुस्तिका, ‘सीपायथन’ ही मुख्य अंमलबजावणी (भाषा प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्रॅम) आणि स्वीकृत पेप यांवरून पायथन म्हणजे नेमके काय ते ठरते.

गिडो व्हान रॉसम यांनी ॲम्स्टरडॅमच्या गणित व संगणकशास्त्र संस्थेत काम करताना ही भाषा घडवली आणि १९९१ मध्ये ती प्रथम प्रसृत केली. वापरणारे वाढले तशा सूचनाही वाढल्या, आणि कोणती सूचना का मान्य झाली किंवा का नाही याची नोंद ठेवण्याची गरज भासू लागली. इंटरनेटचे तांत्रिक नियम मांडणाऱ्या आरएफसी या क्रमांकित दस्तऐवजांचा नमुना समोर ठेवून २००० मध्ये पेपची पद्धत सुरू झाली. तिचे नियम पेप १ मध्ये आहेत. त्यानुसार लोकांमध्ये सहमती घडवणे ही लेखकाची जबाबदारी असते आणि विरोधी मतांची नोंदही त्यानेच करायची असते. मागच्या आवृत्त्यांशी बदल कितपत जुळतो, नवशिक्याला तो कसा शिकवावा, कोणते पर्याय विचारात घेऊन सोडून दिले, हेही मसुद्यात यावे लागते. फेटाळलेले पेप काढून टाकले जात नाहीत. जुनीच मागणी नव्याने आली की तिचा क्रमांक दाखवता येतो, आणि या साऱ्या व्यवस्थेचा कदाचित सर्वांत मोठा उपयोग हाच असावा.

पेप कोणीही लिहू शकतो. मात्र लेखक कोअर डेव्हलपर, म्हणजे मूळ संहितेत (प्रोग्रॅमच्या लिखाणात) बदल करण्याचा अधिकार असलेला, नसेल तर तशा एखाद्याला त्याचा पुरस्कर्ता व्हावे लागते. चर्चेत कोणालाही भाग घेता येतो, निर्णय मात्र मोजक्यांच्या हाती राहतो. वरवर हे लोकसहभागाच्या विरुद्ध वाटेल, पण मतमोजणीने भाषा घडवण्याचे प्रयत्न पायथनमध्ये होऊन गेले आहेत. एका ओळीत अट घालून दोनपैकी एक मूल्य निवडायची सोय हवी, अशी मागणी २००३ मध्ये पेप ३०८ मधून पुढे आली. तिच्या रचनेसाठी डझनाहून अधिक पर्याय ठेवून जाहीर मतदान घेतले गेले. सोय बहुतेकांना हवी होती. कोणत्या रूपात, यावर स्पष्ट कौल मिळाला नाही. अखेर २००५ मध्ये व्हान रॉसम यांनी स्वतःच एक रूप निवडले आणि २००६ च्या २.५ आवृत्तीत ते आले. एका मूल्यानुसार अनेकांपैकी एक वाट निवडणाऱ्या ‘स्विच’ विधानाच्या पेप ३१०३ चा निकाल तर भाषणातल्या विचारणेवरच लागला. २००७ च्या पायकॉन या पायथनविषयक परिषदेत भाषण करताना त्यांनी श्रोत्यांचा कल विचारला, पाठिंबा दिसला नाही, आणि आपलाच पेप त्यांनी फेटाळून टाकला.

व्हान रॉसम यांना गमतीने ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’ म्हणत, आणि शेवटचा शब्द खरोखरच त्यांचा असे. पेप ५७२ मुळे ही व्यवस्था संपली. अभिव्यक्तीच्या, म्हणजे मूल्य काढणाऱ्या पदावलीच्या, आतच चलाला मूल्य देणारे := हे चिन्ह त्यात सुचवले होते. बदल लहान होता, पण भाषेची साधी वाचनीयता बिघडेल म्हणून विरोध तीव्र झाला आणि वाद महिनोन्‌महिने चालला. पेप मंजूर झाला, पण १२ जुलै २०१८ रोजी व्हान रॉसम यांनी निर्णयाधिकार सोडत असल्याचे कळवले. एका पेपसाठी इतके भांडायचे आणि शेवटी अनेकांच्या तिरस्काराचे धनी व्हायचे, हे पुन्हा नको, असा त्यांचा सूर होता. वारस त्यांनी नेमला नाही. पुढे काय करायचे ते कोअर डेव्हलपरांनी ठरवावे, असे सांगितले.

त्यांनी तेही पेप लिहूनच ठरवले. कारभाराचे वेगवेगळे आराखडे ८०१० पासून पुढच्या क्रमांकांनी मांडले गेले आणि डिसेंबर २०१८ च्या मतदानात पेप ८०१६ निवडला गेला. त्यानुसार पाच जणांचे सुकाणू मंडळ दर मोठ्या आवृत्तीनंतर निवडले जाते. एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त सदस्य त्यात असू शकत नाहीत, आणि कोअर डेव्हलपरांच्या दोन तृतीयांश मतांनी अविश्वास ठराव आणता येतो. मंडळाने आपले अधिकार होता होईल तितके कमी वापरावेत, असेही नियमात लिहिले आहे. २०१९ च्या पहिल्या मंडळात स्वतः व्हान रॉसमही निवडून आले होते. सामान्य वापरणाऱ्याला या निवडणुकीत मत नाही.

तरीही त्याचे म्हणणे निर्णय फिरवू शकते. पेप ५६३ नुसार चलांत व फलनांत कोणत्या प्रकारचे मूल्य (आकडा, मजकूर इत्यादी) यायचे हे सांगणाऱ्या टिपा न उलगडता नुसत्या मजकुराच्या रूपात ठेवायच्या होत्या. पेप रीतसर मंजूर झाला होता, ३.७ पासून ऐच्छिक सोय उपलब्ध होती आणि ३.१० मध्ये ती सर्वांना लागू होणार होती. पण पायडँटिक, फास्टएपीआय यांसारख्या लायब्रऱ्या (तयार संहितेचे संच) प्रोग्रॅम चालू असताना या टिपा वाचून आलेली माहिती तपासतात. टिपेचा मजकूर झाला की मूळ प्रकार दर वेळी हुडकता येतोच असे नाही. या लायब्रऱ्यांच्या कर्त्यांनी एप्रिल २०२१ मध्ये, ३.१० चा आराखडा गोठवायला काही आठवडेच उरले असताना, हरकत घेतली. मंडळाने अंमलबजावणी पुढे ढकलली. नंतर टिपा गरज पडेल तेव्हाच उलगडणारा पेप ६४९ स्वीकारला गेला आणि २०२५ च्या ३.१४ आवृत्तीत तो आला. हरकत उशिरा आली हे खरे; पण एखाद्या बदलाने काय मोडेल हे त्यावर उभारणी करणाऱ्यालाच आधी कळते, आणि मसुदे वाचत बसायला त्याला सहसा सवड नसते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने २००७ चा पेप ३१३१ महत्त्वाचा आहे. जर्मनीतील मार्टिन फॉन लोव्हिस यांच्या या प्रस्तावामुळे पायथन ३ मध्ये चलांची व फलनांची नावे रोमनखेरीज इतर लिप्यांत देता येऊ लागली. परकी लिपी टंकायची कशी, इतरांची संहिता तपासायची कशी, सारखी दिसणारी अक्षरे फसवणार नाहीत का, असे आक्षेप तेव्हा घेतले गेले. पायथनच्या स्वतःच्या, भाषेसोबत येणाऱ्या प्रमाण लायब्ररीत मात्र आजही रोमन लिपीतील आणि शक्यतो इंग्रजी नावेच चालतात. ‘एकूण’ किंवा ‘सरासरी’ असे चल आज बिनधोक वापरता येते. देवनागरी अंकांतला मजकूर ‘इंट’ या फलनाला दिला तर तो पूर्णांक करून मिळतो. पण संहितेत थेट १२ असे देवनागरीत लिहिले तर त्रुटी येते. ‘दुसऱ्या’ या शब्दातही एक मेख आहे. युनिकोडमधील ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून तो टंकला तर चालतो. साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा (न दिसणारा) जोडक अशा जुन्या पद्धतीने टंकला तर पडद्यावर तोच दिसूनही पायथन तो नाकारतो, कारण नावांत चालणाऱ्या चिन्हांच्या युनिकोड यादीत हा जोडक नाही आणि पेप ३१३१ ने तीच यादी आधाराला घेतली आहे.