आय-लीग : २०१६–१७ चा मोसम

भारतातील पुरुषांच्या फुटबॉलमधील त्या वेळच्या सर्वोच्च राष्ट्रीय साखळीचा दहावा मोसम. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने भरवलेली ही स्पर्धा ७ जानेवारी ते ३० एप्रिल २०१७ या काळात झाली. मिझोरामच्या ऐझॉल एफसीने ३७ गुण मिळवून विजेतेपद पटकावले. कोलकात्याचा मोहन बागान ३६ गुणांसह दुसरा, ईस्ट बंगाल ३३ गुणांसह तिसरा आणि आदल्या मोसमातील विजेता बंगळूरु एफसी ३० गुणांसह चौथा आला. ईशान्य भारतातील क्लबने राष्ट्रीय साखळी जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. विजेत्या संघाची आदल्या मोसमात पदावनती, म्हणजे खालच्या श्रेणीत घसरण, झालेली होती आणि या मोसमात त्याला जागा मिळाली ती दुसऱ्यांनी सोडलेली. भारतीय साखळी फुटबॉलच्या इतिहासात याहून विलक्षण मोसम दाखवणे कठीण आहे.

राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६–९७ मध्ये सुरू झाली आणि २००७ मध्ये तिचे रूपांतर आय-लीगमध्ये झाले. या मोसमात १० संघ होते. प्रत्येक संघ इतर नऊ संघांशी एकदा घरच्या आणि एकदा परक्या मैदानावर खेळे. म्हणजे प्रत्येकी १८ आणि एकूण ९० सामने. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. बाद फेरी, उपांत्य सामना, अंतिम सामना असे काही नाही. चार महिन्यांत जो सर्वाधिक गुण साठवील तो विजेता. एखाद्या संध्याकाळच्या नशिबाला या पद्धतीत फारसा वाव नसतो, आणि म्हणूनच ऐझॉलच्या यशाला योगायोग म्हणता येत नाही.

हे १० संघ एकत्र आले कसे, हे समजून घेतल्याशिवाय या मोसमाचा अर्थ लागत नाही. २०१४ पासून इंडियन सुपर लीग ही फ्रँचायझी पद्धतीची दुसरी स्पर्धा सुरू झाली होती. चित्रपट आणि क्रिकेटमधील तारे मालक, परदेशी नामवंत खेळाडू, मोठ्या प्रायोजकांचे पाठबळ, असा तिचा थाट होता. २०१६ मध्ये महासंघाने भावी रचनेचा आराखडा मांडला. त्यानुसार सुपर लीग पहिल्या स्थानी जाणार होती आणि आय-लीगला तिच्याखालचा दर्जा मिळणार होता. सुपर लीगमध्ये जागा मिळते ती करार करून आणि पैसे भरून. मैदानावर कितीही सामने जिंकले तरी वर जाण्याची वाट नाही. वर्षानुवर्षे युवा संघ, प्रशिक्षक आणि मैदाने पोसणाऱ्या जुन्या क्लबांना हा अन्याय वाटला, आणि तो अन्यायच होता.

सर्वात तीव्र प्रतिक्रिया गोव्यातून आली. आय-लीग नाव धारण केल्यापासून, २००७–०८ ते २०१२–१३, सलग सहा विजेतेपदे गोव्यातच राहिली होती : धेंपोची तीन, चर्चिल ब्रदर्सची दोन, साळगावकरचे एक. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी जून २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. द्वितीय श्रेणी जिंकून परतीचा हक्क मिळवलेल्या धेंपोनेही पुढे तेच केले. लाखभर वस्तीच्या शहरांतून देशाला विजेते देणारी गोव्याची परंपरा अशी एका आराखड्याने साखळीबाहेर गेली. पुढे चर्चिल ब्रदर्सला परत घेण्यात आले आणि गोव्याचा एक तरी संघ राहिला. चेन्नई सिटी आणि मिनर्व्हा पंजाब यांना थेट प्रवेश मिळाला. आणि एका मोकळ्या जागेवर, आदल्या मोसमात आठव्या स्थानी राहून खाली गेलेल्या ऐझॉलला पुन्हा बोलावण्यात आले.

ऐझॉल एफसीची स्थापना १९८४ ची. राष्ट्रीय पातळीवर मात्र तो नवखा होता. द्वितीय श्रेणी जिंकून २०१५–१६ मध्ये तो प्रथमच आय-लीगमध्ये आला. त्या मोसमात साखळीत तग धरता आला नाही, पण फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत त्याने मजल मारली आणि तिथे मोहन बागानकडून पाच गोलांनी हार पत्करली. क्लबच्या मागे उभे होते ते मिझोरामचे फुटबॉल. २०१२ मध्ये राज्याने स्वतःची मिझोराम प्रीमियर लीग सुरू केली होती आणि २०१४ मध्ये राज्यांच्या संघांमधील संतोष चषक जिंकला होता. डोंगरउतारावरच्या या शहरात सपाट जमीन दुर्मीळ. तरीही कृत्रिम हिरवळीची मैदाने उभी राहिली आणि मुले त्यांवर वाढली. मिझो खेळाडू कोलकाता, गोवा, बंगळूरु येथील संघांत आधीपासून नाव काढत होते. याच मोसमात मोहन बागानच्या आघाडीत जेजे लालपेखलुआ हा मिझोरामचाच खेळाडू होता. स्वतःच्या गावाच्या नावाने जिंकणे तेवढे राहिले होते.

२०१६ च्या अखेरीस क्लबचे मालक रॉबर्ट रॉयते यांनी खालिद जमील यांना प्रशिक्षक नेमले. मुंबईच्या फुटबॉल वर्तुळात हे नाव जुने. कुवेतमध्ये जन्मलेले जमील मध्यरक्षक म्हणून महिंद्र युनायटेडकडून खेळले, मुंबई एफसीकडून खेळून निवृत्त झाले आणि २००९ पासून त्याच क्लबचे सात वर्षे प्रशिक्षक राहिले. तुटपुंज्या साधनांवर मुंबई एफसीला पदावनतीपासून दरवर्षी वाचवणे, ही त्यांची ख्याती. २०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला. ऐझॉलला जाताना त्यांनी जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबईतले आपले ओळखीचे खेळाडू सोबत नेले. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स होता. सीरियाचा महमूद अल-आमना मध्यफळीचा कणा ठरला, लायबेरियाचा आल्फ्रेड जरियान त्याच्या पाठीशी खेळे, बचावात नायजेरियाचा किंग्सले आणि पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी. उरलेला संघ बहुतांशी स्थानिक मिझो पोरांचा : लालरुआत्थारा, लालरामचुल्लोवा, ब्रँडन वनलालरेमडिका, झोहमिंगलियाना राल्ते, लालदनमाविया राल्ते. यांतली कित्येक नावे मिझोरामबाहेर तेव्हा फार कुणाला ठाऊक नव्हती.

पहिल्याच दिवशी ऐझॉलने ईस्ट बंगालला त्यांच्या बारासातच्या मैदानावर १–१ असे रोखले. तरी त्याला कोणी दावेदार धरले नाही. चर्चा होती बंगळूरुची. सुनील छेत्रीचा हा संघ नुकताच एएफसी चषक या आशियाई क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यात खेळून आलेला होता. सुरुवातीचे सामने त्याने जिंकलेही, पण पुढे विजयाविना लांबलचक पट्टा गेला आणि एकीकडे आशियाई स्पर्धेचे सामने, दुसरीकडे साखळी, या ओढाताणीत तो शर्यतीतून बाहेर पडला. ईस्ट बंगाल बराच काळ आघाडीवर किंवा तिच्या आसपास होता. मोसम संपायच्या सुमारास त्याची घडी विस्कटली आणि इंग्लिश प्रशिक्षक ट्रेव्हर मॉर्गन यांनी एप्रिलमध्ये पद सोडले. कोलकात्याचे सॉल्ट लेक स्टेडियम १७ वर्षांखालील विश्वचषकासाठी दुरुस्तीत असल्याने दोन्ही मोठ्या क्लबांना दुसरी मैदाने शोधावी लागली. मोहन बागान रवींद्र सरोवरवर खेळला, तर दोघांमधील पारंपरिक लढती चक्क सिलिगुडीला झाल्या. पहिली गोलशून्य बरोबरीत सुटली. ९ एप्रिलची दुसरी मोहन बागानने २–१ अशी जिंकली आणि ईस्ट बंगालची आशा जवळपास संपवली.

आता उरले दोघे. १७ व्या फेरीत, २२ एप्रिलला, मोहन बागान ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर उतरला तेव्हा विजेतेपदाचा निकाल या एका सामन्यात दडला होता. सोनी नॉर्दे, कात्सुमी युसा, डॅरिल डफी, जेजे अशी आघाडी असलेला बागान एका बाजूला. दुसऱ्या बाजूला यजमानांचा बचाव. ८३ व्या मिनिटापर्यंत गोल झाला नाही. मग कॉर्नरवर आलेला चेंडू झोहमिंगलियाना राल्तेने डोक्याने जाळ्यात धाडला. बचावपटूने केलेला हा एकमेव गोल संपूर्ण मोसमाचा सर्वात मोलाचा गोल म्हणावा लागेल. यानंतर ऐझॉल तीन गुणांनी पुढे गेला आणि अखेरच्या फेरीत त्याला केवळ बरोबरी पुरेशी होती.

अखेरच्या दिवशी, ३० एप्रिलला, ऐझॉलचा सामना शिलाँगमध्ये शिलाँग लाजाँगशी होता आणि त्याच वेळी कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होता. ऐझॉल हरला आणि बागान जिंकला, तर दोघांचे ३६ गुण होऊन चषक हातचा जाण्याची धास्ती होती. लाजाँग हा ईशान्येचा शेजारी. पण त्याने कसलीही सवलत दिली नाही, आणि याबद्दल त्या क्लबला मान द्यायलाच हवा. नवव्याच मिनिटाला त्यांचा कॅमेरूनी आघाडीवीर असेर पियेरिक दिपांदा याने गोल केला. ११ गोल करून मोसमातील सर्वाधिक गोलांचा मानही त्यालाच मिळाला. कोलकात्यात बागान २–१ ने जिंकला. ऐझॉलचे मिझो समर्थक डोंगररस्त्यांवरून शिलाँगला आले होते. जवळजवळ तासभर त्यांनी आपला संघ चषक गमावताना पाहिला. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरीचा गोल केला. उरलेला वेळ ऐझॉलने खिंड लढवली, सामना १–१ असा सुटला आणि ११ विजय, चार बरोबरी, तीन पराभव अशी नोंद करून संघ विजेता झाला.

तालिकेच्या तळाशी जे घडले ते मराठी वाचकाने विसरू नये असे आहे. जमील यांना निरोप देणारा मुंबई एफसी अगदी शेवटच्या, दहाव्या स्थानी राहिला. मोसमाच्या मध्यावर संतोष कश्यप यांच्या जागी स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन प्रशिक्षक आले, तरी कूपरेजवरचा खेळ सुधारला नाही. क्लब साखळीतून खाली गेला आणि नंतर त्याचा कारभारच बंद झाला. पुण्याच्या बालेवाडीत खेळणारा डीएसके शिवाजियन्स हा महाराष्ट्राचा दुसरा संघ. तोही पुढच्या मोसमात दिसला नाही. २००५–०६ चा राष्ट्रीय विजेता महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला होता. २०१२–१३ चा उपविजेता पुणे एफसी आणि एकाच मोसमाचा भारत एफसी हेही त्याआधी गेले होते. त्यामुळे २०१७–१८ च्या आय-लीगमध्ये महाराष्ट्राचा एकही संघ उरला नाही. सुपर लीगमध्ये मुंबई सिटी आणि पुणे सिटी होते हे खरे, परंतु शहराच्या मैदानांतून, स्थानिक लीगमधून वर आलेल्या क्लबची जागा त्यांनी भरून काढली असे म्हणता येत नाही. २०२१–२२ मध्ये केंकरे एफसीच्या रूपाने मुंबईचे नाव आय-लीगमध्ये परतले, तोपर्यंत या साखळीचे सर्वोच्च स्थान गेलेले होते.

विजेत्या ऐझॉललाही वर जाता आले नाही. सर्वोच्च स्पर्धेत जागा मिळावी म्हणून क्लबने उघड मागणी केली, आमरण उपोषणाचा इशाराही दिला. २०१७–१८ पासून सुपर लीग आणि आय-लीग एकाच काळात समांतर खेळवल्या गेल्या. बंगळूरु एफसी सुपर लीगमध्ये गेला, ऐझॉल आय-लीगमध्येच राहिला. २०१९–२० पासून सुपर लीगला अधिकृतपणे देशातील पहिली साखळी मानले गेले. जिंकून वर येण्याचा मार्ग आय-लीगच्या विजेत्याला मिळाला तो त्यानंतर काही वर्षांनी, २०२२–२३ च्या मोसमात. ऐझॉलने हा हक्क त्याच्या सहा वर्षे आधी मैदानावर कमावला होता.

या विजेतेपदामुळे ऐझॉलला आशियाई पातळीवर खेळण्याची संधी मात्र मिळाली. जानेवारी २०१८ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात इराणच्या झोब आहनकडून तो १–३ असा हरला आणि त्यानंतर एएफसी चषकात खेळला. विजेता संघ तोवर विखुरला होता. जमील स्वतः ईस्ट बंगालला गेले. अल-आमना, ब्रँडन, लालरामचुल्लोवा, लालदनमाविया हेही तिकडेच. कामो आणि किंग्सले मोहन बागानमध्ये, लालरुआत्थारा केरळा ब्लास्टर्समध्ये आणि राणे एटीकेमध्ये, म्हणजे सुपर लीगच्या संघांत. २०१७–१८ चा चषक मिनर्व्हा पंजाबने, म्हणजे आदल्या मोसमात तळाशी झगडलेल्या आणखी एका संघाने जिंकला. जमील २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडचे, म्हणजे सुपर लीगमध्ये कायम नियुक्ती मिळालेले पहिले भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली.